"दर वेळी एकच नंबर राहतो": बिंगो-स्लॉटच्या खेळात जादा स्पिन घ्यावी का?

प्रश्न बेळगावच्या वडगावातल्या एका तरुणाचा आहे. फोनवर चायनीज थाटाचा एक खेळ आहे. वर 25 घरांचं बिंगोचं कार्ड, खाली पाच रिळं, लाल कंदील, सोन्याचा ड्रॅगन. 20 रुपये लावले की 10 स्पिन मिळतात. रिळावर आलेला नंबर त्याच्या वरच्या उभ्या रांगेत असेल तर घर भरतं आणि पाच घरांची रेष झाली की बक्षीस. "दर वेळी एकच नंबर राहतोय. कालच 58 राहिला. मग ॲप विचारतंय, जादा स्पिन पाहिजे काय, 14 रुपये. घेऊ की नको?" सोबत आणखी चार प्रश्न आहेत: जोकर (रिळाच्या वरच्या रांगेतलं हवं ते घर भरू देणारं चिन्ह) कुठे लावायचा, चिन्यांचा 8 लकी म्हणून 8 चे नंबर जास्त येतात असं मित्र म्हणतो ते खरं का, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात शिनोळीला जाऊन खेळलं तर कायद्यात बसतं का, आणि वॉलेटमधले 6,400 रुपये निघत नाहीत त्याचं काय करायचं.

मी बंगळूरला अकरा वर्षं असल्याच खेळांचं गणित तपासायचं काम केलं. ज्या देशांत परवाना घेऊन हे चालतं, तिथल्या कंपन्यांचे खेळ आमच्याकडे यायचे. प्रत्येक रिळावर कुठलं चिन्ह किती वेळा आहे याचा तक्ता असतो, त्याला आम्ही पार शीट म्हणायचो. तो तक्ता घेऊन संगणकावर कोट्यवधी डाव खेळवायचे आणि कंपनी सांगते तेवढे पैसे खेळणाऱ्याला खरंच परत जातात का ते बघायचं. आता टिळकवाडीत घरी असतो. उत्तरं देतो, पण तुमच्या क्रमाने नाही, कारण तुमचा खरा प्रश्न 14 रुपयांचा नाहीच. "एकच नंबर राहतोय" हे तुम्हाला नशिबाचं लक्षण वाटतंय. आधी ते सोडवू.

गणपतीत आमच्या गल्लीत बायकांची हौजी असते. तुमच्याकडेही असणारच. मागच्या वर्षी फुल हाऊस झालं तेव्हा मंडपात एकदम कालवा झाला: "माझा एकच राहिला होता की हो!" मी सहज हात वर करायला सांगितले, तर सतरा हात. सतरा जणींचा एकेकच नंबर राहिलेला आणि जिंकलेली एक. त्यात कुणाचंच नशीब वाईट नव्हतं. अशा कार्डांत पुरं होण्यापेक्षा एकावर अडणंच जास्त वेळा होतं, आणि किती जास्त तेही मोजता येतं.

तुमच्या कार्डावर 1 ते 75 मधले नंबर आहेत. पहिल्या उभ्या रांगेत 1 ते 15 पैकी पाच, दुसरीत 16 ते 30 पैकी, असं करत पाचवीत 61 ते 75. (हौजीत 90 नंबर असतात, ती ब्रिटिश चाल. 75 वाली अमेरिकन.) रिळावर नुसते नंबरच आहेत असं क्षणभर धरा. मग कुठलाही एक ठरावीक नंबर एका स्पिनला यायची शक्यता 15 त एक. दहा स्पिनांत तो एकदा तरी यायची शक्यता जवळजवळ बरोबर 50 टक्के निघते. म्हणजे दहा स्पिन संपल्यावर सरासरी निम्मं कार्ड भरलेलं असतं, बारा-तेरा घरं. तुमच्या जुन्या स्क्रीनशॉटवर मोजून बघा.

आता एक आडवी रेष घ्या. पाच घरं पाच वेगळ्या रिळांवर अवलंबून आहेत, आणि प्रत्येक घर म्हणजे नाणेफेक. पाचही भरायची शक्यता 3 टक्के. बरोबर चार भरून एक रिकामं राहायची शक्यता साडेपंधरा टक्के. कारण सोपं आहे: पाचही भरायची तऱ्हा एकच, पण एक राहायच्या तऱ्हा पाच, पहिलं राहील, दुसरं राहील, तिसरं राहील. म्हणून एक रेष पुरी होते त्या हिशेबात पाच रेषा एका घरावर अडतात. आडव्या पाच आणि तिरक्या दोन अशा सात रेषा धरल्या तर दर कार्डामागे सरासरी एक रेष "एकच राहिला" अशी असतेच. ॲपने काही लबाडी केली नाही तरी हे असंच होणार. तुमचा 58 राहिला तसा रोज हजारो लोकांचा काही ना काही राहतो.

(उभी रेष तर आणखी अवघड. तिची पाचही घरं एकाच रिळावर अवलंबून, आणि ते रीळ एका स्पिनला एकच नंबर देतं. तिची शक्यता दीड टक्क्याच्या आसपास येते. जोकर नसतील तर हा खेळ कुणी दुसऱ्यांदा उघडणार नाही, तीन-चार डावांत जेमतेम एक रेष. जोकर घातलेत ते त्यासाठीच.)

हौजीत "एकच राहिला" म्हटल्यावर बायका हसतात, चहा घेतात आणि घरी जातात. तिथे नंबर पुकारणारी काकू तुमच्याजवळ येऊन "14 रुपये द्या, तुमच्यासाठी अजून एक नंबर काढते" असं म्हणत नाही. तुमच्या ॲपमधली काकू तेच म्हणते. आमच्या कामात सगळ्यात जास्त तपासणी या जादा स्पिनच्या किमतीची असायची, कारण खेळणाऱ्याच्या मनात सगळ्यात जास्त गोंधळ तिचाच असतो.

ती किंमत ठरते कशी ते तुमच्याच आकड्यांवर दाखवतो. 58 आला तर पुढची रेष होऊन 200 रुपये मिळणार होते. शक्यता 15 त एक. 200 ला 15 ने भागा, 13 रुपये 33 पैसे. त्या एका स्पिनची खरी किंमत एवढीच, आणि तुम्हाला ती विकली 14 ला. शंभराला पंच्याण्णव या प्रमाणात परत देणाऱ्या खेळात असाच भाव निघतो. तुमचं कार्ड रेषेच्या जितकं जवळ, तितका भाव जास्त. एकाच घराने दोन रेषा होणार असतील तर भाव एकदम उडी मारतो, ते तुम्ही बघितलं असेल. म्हणजे "आता अगदी जवळ आलोय, आता सोडणं वेडेपणाचं" हे जे मन सांगतं, त्या जवळ येण्याचे पैसे ॲपने आधीच भावात धरलेत. जवळ आल्याची सूट मिळत नाही. बाजारात भाजी संपत आली की शेवटचा वाटा स्वस्त मिळतो, इथे शेवटचा वाटा सगळ्यात महाग.

आणि 58 "यायचा राहिलाय" म्हणून पुढच्या स्पिनला तो यायची शक्यता वाढत नाही. रिळाला मागचं काही आठवत नाही. पंधरा जादा स्पिन घेतल्या तर 210 रुपये गेले, म्हणजे बक्षिसापेक्षा जास्त, आणि तरीही शंभरातल्या पस्तीस जणांना तो नंबर आलेलाच नसतो.

हे साधं करून मांडलेलं गणित आहे. खऱ्या रिळावर नंबरांबरोबर जोकर असतात, फुकट स्पिन असते, नाणी असतात आणि घर अडवणारी चिन्हंही असतात. जोकर जास्त असले तर शक्यता वाढते, मग भावही वाढतो. काही खेळांत जादा स्पिनला वेगळी रिळं लावलेली असतात, तेव्हा आधीच्या दहा स्पिनांचा अनुभव तिथे लागू पडत नाही. नियमांचं पान उघडून एवढं तरी बघायला हवं. पण भाव खेळणाऱ्याच्या बाजूने झुकलेला एकही खेळ अकरा वर्षांत माझ्या टेबलावर आला नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: एक जादा स्पिन घेणं पहिल्या दहांपेक्षा फार वाईट असं नाही. वाईट हे की तुम्ही एकावर थांबत नाही. तुम्हीच लिहिलंय, एका डावात सरासरी सहा घेता. 20 आणि 84 मिळून 104. तुम्ही 20 रुपयांचा खेळ खेळतच नाही, 104 चा खेळता, फक्त दारावर 20 ची पाटी आहे.

जोकरचं. इथे थोडी अक्कल चालते, आणि तुमचं अर्धं बरोबर आहे. एकूण 12 रेषा असतात. मधलं घर चार रेषांत येतं, तिरक्या रेषांवरची बाकी आठ घरं तीन-तीन रेषांत, उरलेली सोळा फक्त दोन-दोन रेषांत. म्हणून मधल्या रिळावर जोकर आला आणि मधलं घर रिकामं असेल तर तिथे, नाहीतर तिरक्यांवर. मात्र एखादी रेष पुरी होत असेल तर आधी ती. कुठेही लावता येणारा मोठा जोकर मिळाला तरी हाच नियम. एक गंमत सांगतो: 11 रेषा कधीच होत नाहीत. शेवटचं एक घर जरी रिकामं असलं तरी एक आडवी आणि एक उभी अशा दोन रेषा अडतात, म्हणून बक्षिसांच्या यादीत दहानंतर थेट बारा. तक्ता तपासायला येणाऱ्या नव्या मुलांना आम्ही हे मुद्दाम विचारायचो, पहिल्या दिवशी कुणालाच यायचं नाही.

पण जोकर नीट लावल्याने तुम्ही 95 च्या वर जात नाही. नियमांच्या पानावर छापलेला तो आकडा मी पाहिलेल्या खेळांत उत्तम खेळी धरूनच काढलेला असायचा. चुकीच्या जागी लावला तर 95 चे 92 होतील. म्हणजे तुमच्या अकलेने तोटा वाढत नाही, एवढंच. "मी डोकं लावून खेळतो, हा जुगार नव्हे" असं जे तुम्ही लिहिलंय ते इथे गळून पडतं.

चायनीज थीमबद्दल थोडक्यात. तुम्ही मागावर विणणारे आहात म्हणून सांगतो: ताणा तोच, बुट्टा वेगळा. बिंगो आणि स्लॉट एकत्र करायची ही कल्पना 1994 मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत निघाली, दोन्ही शब्द जोडून तिचं नाव स्लिंगो ठेवलं. 2015 पासून ती लंडनच्या गेमिंग रिअल्म्स कंपनीच्या मालकीची आहे. त्यावर कधी इजिप्त चढवतात, कधी समुद्री चाचे, कधी ड्रॅगन. 8 चं चिनी वेड मात्र खरं आहे. त्यांच्या भाषेत आठ म्हणजे 'बा', तो उच्चार भरभराटीच्या 'फा' शी जुळतो. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन 8-8-2008 ला रात्री 8 वाजता ठेवलं होतं. चार त्यांना नको असतो, कारण तो मृत्यूच्या शब्दासारखा ऐकू येतो. आपण आहेराच्या पाकिटात 101 घालतो तशातलंच. पण हे सगळं चित्रकाराच्या टेबलावर ठरतं, तक्त्यात नाही. 58 आला की सोन्याची कारंजी उडतात आणि 57 आला की नुसतं टिक् वाजतं, म्हणून तुमच्या मित्राला 8 वाले जास्त आठवतात. आणि ज्या देशाचे कंदील त्यावर टांगलेत, त्या चीनच्या मुख्य भूमीवर सरकारी लॉटरी सोडली तर जुगाराला बंदीच आहे, कॅसिनो चालतात ते मकाऊत.

आता अवघड भाग. वरचं सगळं 95 टक्के धरून चाललं, पण तुमचं ॲप खरंच 95 देतं का? कुणी तपासलंय? तुमच्याच आकड्यांवरून मी हिशेब केला. रात्री साधारण 20 डाव, डावाला 104, तीन महिने: जवळजवळ 1 लाख 87 हजार रुपये फिरले. (खिशातून एवढे गेले नाहीत, तेच पैसे जिंकत-हरत पुन्हा पुन्हा फिरले.) त्याचे 5 टक्के म्हणजे 9,360. एवढा तोटा झाला असता तर मी म्हटलं असतं, खेळ छापल्याप्रमाणे चाललाय. तुमचे गेलेत 27 हजार. त्यातले वॉलेटमध्ये अडकलेले 6,400 बाजूला काढले तरी 20,600 उरतात, दुपटीहून जास्त. निव्वळ वाईट नशिबानेही एवढा फरक पडू शकतो, ते मी नाकारत नाही. पण नाव-गाव नसलेल्या, दर पंधरा दिवसांनी नवी लिंक पाठवणाऱ्या ॲपबद्दल मला नशिबाच्या आधी तक्त्याचीच शंका येते.

वॉलेटमधल्या पैशांबद्दल मात्र शंकासुद्धा नाही. 6,400 काढायला आधी 1,200 'टॅक्स' भरा म्हणतात, ते भरू नका. आपल्याकडे जिंकलेल्या रकमेवरचा कर पैसे देताना त्यातूनच कापतात, आधी वेगळा भरून घेत नाहीत. 1,200 भरलेत की पुढे 2,500 चं 'व्हेरिफिकेशन' येईल. ते 6,400 म्हणजे पडद्यावरचा आकडा आहे. तुम्ही ज्या यूपीआय आयडींवर पैसे पाठवलेत ती नावं बघा, दर वेळी वेगळ्याच माणसाचं किंवा दुकानाचं नाव असेल. स्क्रीनशॉट, तारखा आणि व्यवहार क्रमांक एका जागी काढून ठेवा आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. जितक्या लवकर कराल तितकं समोरचं खातं गोठवता येण्याची शक्यता जास्त. जुने पैसे परत मिळतीलच असं सांगून तुम्हाला खोटी आशा लावणार नाही.

शिनोळीचं वाचून हसू आलं, पण तर्क कुठून आला ते कळतं. कर्नाटकात 2007 पासून लॉटरी बंद, आणि वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडली की महाराष्ट्राची लॉटरी सुरू, हे आपल्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. ऑनलाइन खेळांवर कर्नाटकाने 2021 मध्ये कायदा करून बंदी घातली होती, ती फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. त्या काळात इकडे चालतं, तिकडे चालत नाही या चर्चेला थोडा तरी अर्थ होता. पण ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनेच कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना देशभर मनाई, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 1 कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षं आणि 50 लाख. त्या कायद्याला कोर्टात आव्हानं दिली गेलीत, पण त्यात बेळगाव आणि शिनोळी असा भेद कुठेच नाही. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही, तेव्हा 1930 ला फोन करताना आपल्यालाच धरतील म्हणून घाबरू नका. पैसे न लावता, नुसत्या गुणांसाठी असलाच खेळ खेळायला आडकाठी नाही.

तुमच्या पत्राच्या तळाशी एक ओळ आहे, तिच्यावर प्रश्नचिन्ह नव्हतं: गेलेल्या पैशांत भिशीचे 9,000 आहेत आणि घरी माहीत नाही. भिशीची पाळी यायच्या आधी बायकोला तुम्हीच सांगा. पाळी आल्यावर ते दुसऱ्या कुणाकडून कळलं तर पैशांपेक्षा मोठं भांडण होईल. ॲप काढून टाकून चार दिवसांत पुन्हा घेतलं असंही तुम्ही लिहिलंय. हे दोनदा-तीनदा झालं असेल तर धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्याच्या सरकारी संस्थेत एकदा दाखवा, बसने दोन तासांच्या आत आहे. जायला अवघड वाटत असेल तर 14416 वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, मराठीत बोलता येतं. तिथे कुणी तुम्हाला वेडा ठरवत नाही.

आणि माझ्या गणितावर विश्वास बसत नसेल तर घरीच करून बघा. कुंद्याच्या रिकाम्या डब्यात 46 ते 60 अशा पंधरा चिठ्ठ्या टाका. एक काढा, बघा, परत टाका, डबा हलवा. दर वेळी वहीत 14 रुपये खर्च लिहायचे, 58 आला की 200 जमा. असं 150 वेळा. खर्च 2,100 होतो, आणि 58 सरासरी दहा वेळा यायला हवा, म्हणजे जमा 2,000. माझ्या भाच्याने मे महिन्याच्या सुट्टीत हे केलं तर त्याचा 58 बारा वेळा आला. 300 रुपये फायद्यात. "मामा, तुझं गणित चुकलं की रे," म्हणत तो घरभर नाचला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच डबा घेऊन बसला. त्या दिवशी 58 सात वेळा आला. वहीत 700 रुपये वजा. दुपारी जेवणं झाल्यावर तो माझ्याकडे आला आणि अजून पन्नास वेळा काढू का म्हणून विचारायला लागला.